सात रकाने

मे महिन्याच्या अकरा तारखेला सावरफोंडात
मी एकवीस विहिरींत टेप सोडला.
टोकाला खडू चोळायचा, सोडायचा, ओढायचा;
खडू जिथवर ओला तिथवर पाणी.
एवढीच माझी विद्या. बाकीची डॉक्टर आल्मेदांची.

त्यांच्या तक्त्यात सात रकाने.
पाणी किती खोल, पाऊस किती मुरतो,
माती कसली, खालचा दगड पाण्याला किती वाट देतो...
प्रत्येकाला गुण, गुणांना वजन,
तळाशी बेरीज, बेरजेवरून नकाशाला रंग.
गुण जास्त पडले की नापास,
हे पिएदादला समजावताना माझीच जीभ अडखळली.

तिची विहीर साडेतीन मीटर.
"गावात सगळ्यांत आधी भरते, सगळ्यांत शेवटी आटते,"
हे ती सांगते तशी
शेजारीण जावयाचा पगार सांगते.
मी लिहिते: नऊ.
अंगण सपाट. पावसाचं पाणी येतं, टेकतं,
घाई नसल्यासारखं खाली जातं.
मी लिहिते: दहा.
जांभा पावासारखा जाळीदार.
ज्या गुणांवर भुलून तिच्या सासऱ्याने ही जागा घेतली
तेच सगळे मी
तिच्या नावावर चढवत गेले.

वर देवचाराचा सडा.
तिथे रात्री किनाऱ्याकडून ट्रक येतात,
हॉटेलांचं उष्टं, डायपर, बॅटऱ्या, कसलंसं काळं तेल
जुन्या चिरेखाणीत ओतून जातात.
देवचाराला अमावास्येला रोट आणि विडी मिळते,
काठी आपटत तो रात्रभर हद्द राखतो म्हणतात.
ट्रक मात्र त्याने अडवलेला नाही.
त्यांच्याकडे पावती असेल.

खाली कुळागर. शाणू गावडे माडीवर निळं औषध मारतो,
गवतावर दुसरं;
त्याच्या डब्यावरचं नाव घासून काढून
डब्यात आता कोंबड्यांचं पाणी.
किती मारता, विचारलं.
"हाताक येता तितलें."
हात कुठल्या रकान्यात लिहायचा?
मी अंदाजे लिहिलं, पेन्सिलीने.

"म्हणजे विष आहे की नाही? तें सांग."
हा नकाशा विषाचा नाही, मी म्हणाले,
विष आलंच तर कुठलं दार उघडं सापडेल, त्याचा आहे.
पिएदादने मागे वळून दाराकडे बघितलं.
उघडंच होतं. आत कुकरची आठवी शिटी.
"मार्चापासून डाळ शिजत नाही," ती म्हणाली.
हे मी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

मग बाटल्या भरल्या, बुचांवर पट्ट्या, पेटीत बर्फ.
रिपोर्ट कधी? सप्टेंबरात, लवकर म्हणजे.
ती बोटांवर काही मोजत बसली.
"आणि सांजांव?
चोवीस जूनला सगळी पोरं हिच्यातच उड्या घेतात.
यंदा माझा नवा जावई.
त्याला काय सांगू, सप्टेंबरात उडी मार?"

आठवा रकाना नव्हता.
मी म्हटलं, मी असते तर नसती घेऊ दिली.
हे मी खात्याच्या वतीने म्हटलं नाही.

चोवीस जूनला सुट्टी टाकून गेले.
डोक्यावर कोपेल, गळ्यात रानवेली, घुमटं,
फणस कापलेला, फेणीचे ग्लास पुढे होत होते.
पिएदादने आपल्या विहिरीवर
माडाच्या झावळ्या आणि जुनं दार आडवं टाकलं होतं,
वर एक कुंडी, कुणी विचारू नये म्हणून.
मला बघून तिने हनुवटीने खूण केली:
बघ, ऐकलं तुझं.

जावई पलीकडून धावत आला, "विवा सां जुआंव!"
आणि कुंपणावरून सरळ
शाणू गावड्याच्या विहिरीत.
मागोमाग दहा-बारा पोरं. पाणी काठावरून उसळून
माझ्या चपलांपर्यंत आलं, थंड, स्वच्छ दिसणारं.

त्या विहिरीला माझ्या अक्षरात
पिएदादपेक्षा चार गुण जास्त आहेत.
शाणूला मी ते सांगितलं नव्हतं.
त्याने विचारलं नव्हतं.